एर्दिगचा काप: वेल्समधल्या एका जुन्या घराचं 1:50 मॉडेल

6 जानेवारी

रेक्सम शहराला लागून दक्षिणेकडे एर्दिग नावाचं जुनं जमीनदारी घर आहे. 1684 ते 1687 या काळात जोशुआ एडिसबरीनं ते बांधून घेतलं. मी त्याचं मॉडेल करायला घेतलंय. आख्खं घर करणार नाही. पूर्वेच्या भिंतीपासून पश्चिमेच्या भिंतीपर्यंत, एका खिडकीच्या रुंदीचा उभा काप तेवढा करायचा. त्यात तळघर, दोन मुख्य मजले, माळा आणि छप्पर येईल.

काप करण्याचं कारण सांगते. या घराच्या दोन बाजू दोन वेगळ्या घरांच्या वाटतात. बागेकडची पूर्व बाजू लाल विटांची आहे आणि पश्चिमेकडची घडीव दगडांची. एका फोटोत दोन्ही येत नाहीत. आख्खं मॉडेल केलं तरी माणूस एका बाजूला उभा राहतो, खिडक्या बघतो आणि पुढे जातो. काप केला की वीट, दगड आणि त्यामधलं सगळं घर एका नजरेत येतं. हे घर कळायचं असेल तर ते उभं कापूनच बघायला हवं, असं माझं पक्कं मत झालंय.

प्रमाण 1:50 ठरवलं. 1:100 ला विटेचा एक थर पाऊण मिलिमीटरचा होतो, तो हातानं कोरता येत नाही. 1:50 ला तोच दीड मिलिमीटर होतो. एवढा जमतो.

14 जानेवारी

मापं. घर आता नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि प्रेक्षकांसाठी उघडं असतं, पण टेप घेऊन भिंतीला भिडू देत नाहीत. तिथल्या स्वयंसेवक बाईंना विचारून एक मीटरची रंगवलेली काठी भिंतीपासून जरा दूर, जमिनीत टोचून उभी केली आणि लांबून फोटो काढले. घरी येऊन विटांचे थर मोजले. काठीच्या उंचीत किती थर बसतात ते कळलं की त्या हिशेबानं खिडकीचा उंबरा, कमान, छपराची कड सगळं काढता येतं. पूर्वेची बाजू अशी एका बैठकीत कागदावर आली.

फोटो काढताना एक काळजी घ्या. कॅमेरा वर झुकवू नका. झुकवला की वरचे थर बारीक दिसतात आणि वरच्या मजल्याची उंची कमी येते. लांब जा, कॅमेरा सरळ धरा आणि फोटोत खाली आलेलं गवत नंतर फोटोतून कापून टाका.

पश्चिमेला ही युक्ती चालली नाही. दगडाचे थर विटांसारखे सारखे नसतात.

21 जानेवारी

पश्चिमेची मापं शेवटी पूर्वेवरूनच काढली, आणि त्यातून घराचं एक गुपित हाती लागलं.

1720 च्या दशकात घर जॉन मेलर या लंडनच्या वकिलाकडे होतं. एडिसबरी कर्जात बुडाल्यावर त्यानं ते घेतलं आणि दोन्ही टोकांना पंख जोडून लांबवलं. त्याला मूलबाळ नव्हतं. 1733 मध्ये घर भाचा सायमन यॉर्क याच्याकडे आलं आणि पुढे 1973 पर्यंत यॉर्क घराण्यातच राहिलं. घर यॉर्कांकडे आलं तेव्हा पश्चिमेची बाजूसुद्धा विटांचीच होती. वेल्सच्या डोंगरांवरून येणारा वारा-पाऊस थेट याच भिंतीवर आदळतो. विटा खराब झाल्या, म्हणून पहिल्या फिलिप यॉर्कनं 1772-73 मध्ये जेम्स वायट या वास्तुकाराकडून ती बाजू दगडानं मढवून घेतली.

मढवून घेतली, पाडून नव्यानं बांधली नाही. आतले मजले होते तिथेच राहिले. मजले तेच, म्हणजे खिडक्यांचे उंबरेही जवळपास त्याच उंचीला यायला हवेत. पूर्वेकडची उंची कागदावर आडवी ओढून पश्चिमेला नेली, काठीच्या फोटोवर ठेवून पाहिली. बसली.

मग वायटबद्दलचं माझं मतही बदललं. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं त्याचं पॅन्थिऑन हे करमणुकीचं सभागृह जानेवारी 1772 मध्ये उघडलं. भलामोठा घुमट, आणि करणारा पंचविशीतला. सगळं शहर बघायला लोटलं. त्याच वर्षी हातात घेतलेली एर्दिगची ही बाजू मात्र सपाट आणि अबोल. मला ती नेहमी कंटाळवाणी वाटायची. पण जुनी भिंत, जुने मजले, जुनी भोकं, आणि काम काय तर पाऊस अडवायचा. त्या चौकटीत त्यानं नेमकं तेच केलं, उगाच मिरवलं नाही.

2 फेब्रुवारी

वीटकाम, पहिला प्रयत्न. विटांची छापील नक्षी असलेला कागद पुठ्ठ्यावर चिकटवला. समोरून ठीक, बाजूनं बघितला की सपाट. कापाच्या मॉडेलकडे लोक बाजूनंच बघणार, त्यामुळे बाद.

दुसरा प्रयत्न: दोन मिलिमीटर जाडीच्या ग्रे बोर्डवर कंपासच्या टोकानं सांधे कोरले. आडव्या रेघा बऱ्या आल्या. उभ्या रेघांना बोर्ड पिंजतो, बारीक लव उठते. रंग लावला की ती लव ताठ होते. पॉलिश पेपर मारला तर सांधेच बुजले. हेही बाद.

9 फेब्रुवारी

तिसरा प्रयत्न: प्लायवर प्लास्टरचा पातळ थर देऊन तो अर्धा सुकल्यावर कोरायचा. कोरणं अगदी सुरेख झालं. लोण्यात सुरी जावी तशी सुई जाते आणि कड तुटत नाही. कोपऱ्यातली एक वीट मुद्दाम झिजवली, एकीचा टवका काढला. दिव्याखाली तिरकी धरली तर भिंत खरी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लाय वाकलेला आणि प्लास्टरला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग. प्लास्टरचं पाणी प्लायच्या एकाच बाजूनं शिरलं, ती बाजू फुगली, दुसरी तशीच राहिली. वजन ठेवून सरळ करायला गेले तर भेग आणखी रुंदावली.

16 फेब्रुवारी

तोडगा सापडला. प्लास्टर लावण्याआधी प्लायला दोन्ही बाजूंनी आणि चारही कडांना शेलॅकचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात द्यायचे. एकाच बाजूला दिलं तर उपयोग नाही, हवेतलं पाणी मागून शिरतं. शेलॅक वाळल्यावर पृष्ठभाग जाड पॉलिश पेपरनं ओरखडून घ्यायचा, नाहीतर प्लास्टर धरत नाही. प्लास्टर दोन मिलिमीटरपेक्षा जाड नको. कोरायची वेळ नखानं ठरवा: नख रुतलं पण ओलं लागलं नाही, की सुरू करा.

एवढ्या एका गोष्टीसाठी जानेवारीनंतरचा जवळजवळ सगळा वेळ गेला. पण भिंत आता सरळ आहे.

23 फेब्रुवारी

पश्चिमेचा दगड. आत विटांची भिंत आणि बाहेर दगडाचा वेगळा थर, हे कापात स्पष्ट दिसलं पाहिजे. म्हणून विटांची भिंत आधी पूर्ण केली, तिच्यावरही सांधे कोरले आणि मग बाहेरून तीन मिलिमीटरचा दगडी थर चढवला. आतल्या विटा कापलेल्या कडेतूनच दिसतील, बाकी झाकल्या गेल्या. तरी कोरल्या, कारण खऱ्या घरातही त्या तिथेच आहेत.

अडचण खिडकीत आली. भिंत जाड झाली की खिडकी खोल जाते. मी चौकट आधीच जुन्या विटांच्या भिंतीच्या हिशेबानं चिकटवली होती, त्यामुळे बाहेरून खिडकी विहिरीसारखी खोल दिसू लागली. चौकट सोडवून बाहेर सरकवली. प्लास्टरचा तुकडा निघाला, तो भरून घेतला. तुम्ही कराल तेव्हा चौकट सगळ्यात शेवटी चिकटवा, दोन्ही थर झाल्यावर.

3 मार्च

खिडकीच्या काचेतल्या पट्ट्या. खऱ्या घरात अशी लाकडी पट्टी साधारण 25 मिलिमीटर धरली तर 1:50 ला अर्धा मिलिमीटर. लेसर कटिंग करून घेतलं, 36 पौंड गेले. अर्ध्या मिलिमीटरची लाकडी पट्टी लेसरमध्ये टिकत नाही, कडा जळून काळ्या होतात आणि उचलताना मोडतात. त्यात दुकानाचा दोष नाही. एवढी बारीक पट्टी मोडेल, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

मग अ‍ॅसिटेटच्या पारदर्शक प्लास्टिकवर रुलिंग पेननं, म्हणजे रेघा मारायच्या दोन पात्यांच्या जुन्या पेननं, पांढऱ्या रंगाच्या रेघा मारल्या. जुन्या बाजारात असे पेन स्वस्तात मिळतात. रंगात थोडं पाणी, पेनाचं तोंड केसाएवढं उघडं, पट्टी अ‍ॅसिटेटपासून किंचित उचललेली. पट्टी टेकलेली असेल तर रंग खालून ओढला जातो आणि रेघ फुटते. पाच-सहा काचा फुकट गेल्या, मग हात बसला. या खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या आहेत, म्हणून वरचं तावदान पुढे आणि खालचं मागे, अशा दोन वेगळ्या काचा लावल्या. एवढ्यानं खिडकीत खोली येते.

10 मार्च

आतला भाग. तळघरात एक लांब बोळ आहे. नोकरमाणसांची ये-जा तिथून, वर मालकांच्या खोल्या, आणि माळ्यावर मोलकरणींच्या झोपायच्या खोल्या. म्हणजे काम करणारी माणसं घराच्या सगळ्यात खाली आणि सगळ्यात वर, मालक मधे. समोरून बघणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, कापात एका क्षणात दिसतं.

एर्दिग प्रसिद्ध आहे ते मुख्यतः या माणसांमुळे. यॉर्क घराण्यानं आपल्या नोकरांची चित्रं काढून घेतली, पुढे फोटो काढले आणि सोबत पद्यं लिहिली. 1792 मध्ये रंगवलेलं एडवर्ड प्रिन्स या सुताराचं चित्र आहे. ते बघून आल्यावर मी तळघराच्या दाराची चौकट पुन्हा केली. आधीची घाईत केलेली होती.

मॉडेलमध्ये माणसं 3.4 सेंटिमीटरची, पुठ्ठ्याची. एक बोळात, एक दिवाणखान्यात, एक माळ्यावर. चेहरे काढले नाहीत.

दिवाणखान्यात लाखेच्या रंगकामाचा घडीचा पडदा ठेवलाय. एडिसबरीला तो एलिहू येल यानं पाठवला होता. येल तेव्हा मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीत होता, नंतर तिथला गव्हर्नर झाला. त्याचं थडगं रेक्समच्याच चर्चच्या आवारात आहे. माल चीनमधला, पण कोरोमंडल किनाऱ्यावरून युरोपात जायचा म्हणून असल्या पडद्यांना कोरोमंडल हेच नाव पडलं. मॉडेलमधला पडदा आगपेटीच्या आवरणाचा आहे. काळा रंग आणि सोनेरी पेनाचे ठिपके.

17 मार्च

छप्पर. वेल्सच्या घराला खरी पाटीच (स्लेट) लावायची असं ठरवून पाटीच्या दगडाच्या कपच्या काढल्या. कितीही पातळ काढली तरी 1:50 ला ती फरशीएवढी जाड दिसते. जाड कागदाच्या पट्ट्या कापून, प्रत्येक पट्टीला खालून खाचा देऊन, एकीवर एक चढवत वर गेले. खालची निम्म्याहून जास्त झाकली गेली पाहिजे, तरच पाटीच्या छपरासारखी सावली पडते. रंग राखाडी, त्यात थोडा जांभळा.

छपराच्या पोटातली लाकडं दाखवली नाहीत. कडेला साधी काळी पट्टी लावली.

24 मार्च

आता राहिलेला मोठा भाग: घर खचलं ते दाखवायचं.

बर्शम कोळसाखाणीचं काम या घराच्या खालून गेलं. 1947 मध्ये खाणी सरकारच्या झाल्या आणि त्यानंतर घराखालचा कोळसाही काढला गेला. घर एका टोकाला 5 फूट खचलं, दुसऱ्या टोकाला साडेतीन. भिंती तडकल्या, छपराला फटी पडल्या, आणि पावसाचं पाणी थेट 1720 सालच्या शाही पलंगाच्या खोलीत आलं. 1968 मध्ये तो पलंग दुरुस्तीसाठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात न्यावा लागला. घरात वीज नव्हती आणि शेवटचा मालक, तिसरा फिलिप यॉर्क, तशाच घरात राहत होता.

हे कापात दाखवता येत नाही, कारण खचणं घराच्या लांबीत आहे आणि माझा काप रुंदीत. म्हणून 1:100 चा साधा लांबट ठोकळा वेगळा केला. 5 फूट म्हणजे 15 मिलिमीटर, साडेतीन फूट म्हणजे 11 ला थोडं कमी. प्लास्टरचा ठोकळा ओतला, खाली दोन टोकांना स्क्रू लावले आणि वेगवेगळे सोडले.

काहीच झालं नाही. ठोकळा तिरका झाला, बस. एकही भेग नाही.

31 मार्च

बराच विचार केल्यावर उमगलं. सरळ उतार घराला तडकवत नाही. घर सबंध तिरकं होतं पण अखंड राहतं. तडा जातो तो उतार बदलतो तिथे. कोळसा एका दिवशी सगळा काढत नाहीत, खोदाई पुढे-पुढे सरकते आणि वरची जमीन तिच्या मागोमाग खाली बसत जाते. म्हणजे घराखालून एक लाट जाते. लाटेच्या पुढच्या कडेवर जमीन वर फुगीर असते, तिथे घर पाठीवर ताणलं जातं आणि फट वरून उघडते. लाट पुढे सरकली की तोच भाग खळग्यात येतो, वरची फट मिटते आणि खालून ताण पडतो. शेवटी दोन्ही टोकं किती खाली गेली, यावरून मधे काय काय सोसलं ते कळत नाही.

नवा तळ केला. लाकडी खोक्यात पुठ्ठ्याच्या अरुंद पट्ट्यांची चवड शेजारी-शेजारी मांडली, हा कोळशाचा थर. वर जाड स्पंजची चादर, ही जमीन. तिच्यावर घर, पण अखंड ठोकळा नाही. प्लास्टरच्या छोट्या ठोकळ्यांची भिंत रचली आणि त्यांचे सांधे कच्च्या चुन्यानं भरले. एका टोकाकडून पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकेक ओढून काढत गेले.

पहिल्याच खेपेला दिसलं. तिसरी-चौथी पट्टी निघताच भिंतीच्या वरच्या कडेला सांधा उघडला, खाली बंद. आणखी पट्ट्या काढल्या तसा तो सांधा मिटत गेला आणि पुढचा उघडला. भिंतीच्या वरच्या कडेला मी बारीक तांब्याची पट्टी पन्हळ म्हणून चिकटवली होती. सगळ्यात आधी तीच सुटली. पाणी छपरातून का आलं, त्याचं उत्तर हेच. घर जमिनीत जात होतं आणि फाटत होतं माथ्यावर.

मेलरनं घर लांबवलं ते इथे नडलं, असं मला वाटतं. आखूड घर लाटेवर सबंध तिरकं होऊन निभावून जातं. लांब घराचं एक टोक खळग्यात आणि दुसरं अजून वर, असं होतं. निम्म्या लांबीची भिंत रचून तोच प्रयोग केला. फट पडली, पण एकच आणि बारीक.

हा प्रयोग करणाऱ्यांसाठी: सांध्यात सिमेंट किंवा पांढरा गोंद घालू नका. सांधा ठोकळ्यापेक्षा मजबूत झाला तर ठोकळेच मधून फुटतात. चुना कच्चा असतो, सांध्यातून सुटतो आणि पुन्हा भरता येतो.

7 एप्रिल

कोळसा मंडळानं नुकसानीपोटी 1,20,000 पौंड दिले आणि पायाखाली आधार देण्याचं काम झालं. फिलिप यॉर्कनं 1973 मध्ये घर नॅशनल ट्रस्टला दिलं. दुरुस्तीला पैसे कमी पडत होते, म्हणून घराभोवतीच्या इस्टेटीतली 63 एकर जमीन सुमारे 10 लाख पौंडांना विकली. 1977 मध्ये घर लोकांसाठी उघडलं. हे सगळं ठोकळ्याच्या मॉडेलशेजारी एका पाटीवर लिहून लावलंय, कारण दगड आणि वीट यांच्याइतकीच ती 63 एकरही आज या भिंती उभ्या ठेवतायत.

14 एप्रिल

खर्च. ग्रे बोर्ड आणि प्लाय 41 पौंड. प्लास्टर, शेलॅक, गोंद, चुना 27. लेसर 36, पूर्ण वाया. अ‍ॅसिटेट आणि रुलिंग पेन 19. रंग 22. एकूण 145. लेसरच्या नादी लागला नाहीत तर 110 च्या आत होईल.

वेळ सगळ्यात जास्त वीटकामानं खाल्ला, त्यानंतर खिडक्यांनी. खचण्याचा प्रयोग स्वस्त आणि झटपट आहे. मुलांना घेऊन करायचा असेल तर काप सोडून द्या, तेवढाच करा. पट्ट्या मुलांना ओढू द्या, फक्त हळू. एकदम दोन ओढल्या तर भिंत कोसळते आणि लाट दिसत नाही.

एक काम राहिलंय. पश्चिमेचा दगड फार स्वच्छ दिसतोय. पावसाचे ओघळ उंबऱ्यांच्या दोन्ही टोकांखाली येतात, मधे नाही; फोटोत तसंच आहे. पातळ राखाडी रंग ब्रशनं फक्त तिथे सोडायचा आणि मॉडेल उभं ठेवूनच वाळवायचं, म्हणजे ओघळ आपोआप सरळ उतरेल.